कोपऱ्यातलं भेदरं

बाई,

काल दुपारी जेवताना बाबांनी मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझा असा गोंधळ उडालाय की कुणाशी बोलावं ते कळेना. खरं तर तुमच्याशीच बोलायला हवं. तुम्ही असतात तर चंद्रपूरहून एसटी धरून सरळ आरमोरीला आले असते आणि विचारलं असतं. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुम्हाला फक्त फोटोतून ओळखते. म्हणून लिहिते आहे. बाबा काय बोलले ते लगेच सांगत नाही. मी आजवर जे खरं धरून चालले ते आधी लिहून बघते. लिहिताना तरी काही सुटं होईल.

आई काविळीनं गेली तेव्हा मी लहान होते, पण तिचा चेहरा विसरण्याइतकी लहान नव्हते. नंतर घरात मी आणि पोस्टात काम करणारे बाबा, दोघंच. भात मी लावायची, भाजी बाबा करायचे. तुम्ही आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला होता. मग एका रविवारी विहारात तुमचं आणि बाबांचं लग्न लागलं. मोजकी माणसं, पांढरी साडी, शेवटी खीर. दुसऱ्या दिवशी तुम्ही रोजच्यासारख्या फळ्यापुढे उभ्या. मी हात वर करून 'बाई' म्हटलं तर मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. संध्याकाळी घरी भाकर वाढताना मी पुन्हा 'बाई' म्हटलं तेव्हा बाबांनी ताटातून वर बघितलं.  आई म्हण असं मला कुणी सांगितलं नाही, म्हणू नको असंही नाही. तेव्हापासून शाळेत बाई, घरीही बाई. दोन ठिकाणच्या बाई एकच आहेत की वेगळ्या, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अजूनही धड कळतं असं नाही.

घरामागची वाडी आई गेल्यापासून तशीच पडली होती. त्या वर्षी दिवाळी झाली आणि तुम्ही ती खणायला घेतलीत. वडश्याच्या कृषी केंद्रातून आणलेली चांगल्या जातीच्या टमाटरांची रोपं लावलीत. त्यांना तुम्ही जे जेवू घालायच्या तसं आमच्या गल्लीत माणसांनाही कुणी घालत नव्हतं. ठरलेल्या वारी ढेप, म्हणजे पेंड, भिजवून तिचं पाणी. मधल्या वारी चुन्याची निवळी. सोनाराकडून आणलेला टाकणखार, तोही चिमटीत धरून, बादलीभर पाण्यात. दवाखान्यात जुलाबासाठी देतात ते मीठ. धानाला टाकतात ते जस्ताचं खत, अगदी कणभर. केरसुणीच्या काड्यांची जुडी त्या पाण्यात बुडवून तुम्ही पानापानावर शिंपडताय, पदर कमरेला खोचलेला, आणि शेजारची चाची कुंपणावरून बघते आहे, हे मला आत्ता लिहितानाही दिसतं. चाचीचं घर बांगड्या विकणारं. ती म्हणायची, इतना तो कोई अपने बच्चे का नहीं करता. तुम्ही हसून म्हणायच्या, थोडं थोडं पण नेमानं द्यावं लागते, एकदम ओतलं का झाड मरते.

मी दारात उभी असायची. वाडीत यायची नाही. तुम्ही मला बोलावतही नव्हतात, पण माझ्याकडे न बघता मोठ्यानं बोलायच्या, वर्गात बोलतात तसं. खालचं जुनं पान शिरा सोडून पिवळं पडलं तर त्याला ते जुलाबाचं मीठ कमी पडलं समजायचं. झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देते, म्हणून जुनं पहिले पिवळं पडते. फळाचं बूड काळं पडलं तर चुना कमी, नाहीतर पाणी कधी जास्त कधी कमी. मी ऐकत नाही असं दाखवायची. सगळं ऐकत होते.

वाडीच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या पाण्याजवळ, एक भेदरं, म्हणजे गावठी टमाटराचं झाड, उगवायचं. आईनं कधीतरी चटणीसाठी आणलेल्या भेदऱ्यांच्या बियांतून ते आलं होतं आणि दरवर्षी आपलं आपण यायचं. बोराएवढी फळं, पातळ सालीची, आंबट. आई ती चुलीत भाजून, मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटायची. खणताना तुम्ही त्याला हात लावला नाहीत, एवढं मी बघून ठेवलं होतं. पण एका सकाळी तुम्ही खताच्या पाण्याचा डबा घेऊन त्याच्याकडे वळलात आणि मी दारातून बोलले. लग्नानंतर तुमच्याशी मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

"त्याले काई टाकू नोका. ते आपोआप येते."

तुम्ही थांबलात. डबा खाली ठेवलात. मग म्हणालात, "आपोआप येते म्हणून त्याले उपाशी ठेवाचं काय?"

रागानं नाही, वर्गात प्रश्न विचारतात तसं.  तुम्ही त्या दिवशी त्याला काही घातलं नाहीत. मी मात्र शाळेत दिवसभर तेच वाक्य घोळवत होते. आईच्या झाडाला तुम्ही आपलंसं करताय, की मला काहीतरी सांगताय? का तुम्ही फक्त झाडाबद्दल बोलत होतात? पुढे पुष्कळ वर्षांनी मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा कळलं की शिक्षक बरेचदा फक्त झाडाबद्दलच बोलत असतात. पण तुमच्याबद्दल खात्री नाही.

मग ते युरियाचं झालं. टमाटरांना फुलं आली आणि गळायला लागली. तुम्ही जेवताना काळजीनं बोललात, एवढं करूनही फूल टिकत नाही म्हणून. बाबांनी ऐकलं. बाबांना तुमच्यासाठी काहीतरी करायचं असायचं, पण काय करावं ते त्यांना सुचायचं नाही. लुगडं आणलं तर रंग चुकायचा. तुम्ही शाळेच्या कामानं कुरखेड्याला गेलात त्या दिवशी त्यांनी कुठल्याशा शेतकऱ्याकडून कागदात बांधून पांढरे दाणे आणले आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी मूठ मूठ टाकले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी मला बघितलं आणि लाजल्यासारखं हसले. आई गेल्यावर ते तसं हसलेले मी पाहिले नव्हते. कोपऱ्यातल्या भेदऱ्यापर्यंत ते गेले नाहीत, दाणे आधीच संपले.

दोन-चार दिवसांत पानांच्या कडा जळाल्या, शेंडे माना टाकून बसले. तुम्ही मुळाशी बोट घालून बघितलंत, माती हुंगलीत आणि उठून उभ्या राहिलात. सगळी झाडं करपलेली, कोपऱ्यातलं तेवढं हिरवंगार. कुंपणापाशी चाची होती, ओसरीवर बाबा पायमोजे घालत होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तू टाकलंस?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा मोजा ओढत राहिले. मी काहीच बोलले नाही. तुम्ही पुढे म्हणालात, माझ्यावर राग असला तर माझ्यावर काढ, झाडानं तुझं काय केलं. तेही आवाज न चढवता. मला आठवतं, मला रडू आलं नाही. उलट काहीतरी घट्ट मुठीत धरल्यासारखं वाटलं. बाबांचं हसू माझ्याकडे होतं आणि ते मी तुम्हाला देणार नव्हते. तुम्ही मग मुळाशी साचलेले दाणे खरवडून काढलेत आणि न्हाणीतून बादल्या भरभरून झाडांच्या बुडाशी ओतल्यात, खार वाहून जावा म्हणून. कुणालाही मदतीला बोलावलं नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी नाताळची सुट्टी लागली आणि तुम्ही भावाकडे चंद्रपूरला निघालात. पिशवी खांद्याला लावून तुम्ही वाडीच्या दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "ते कोपऱ्यातलं तुझं. त्याले द्याचं का नाई ते तूच ठरव. मी हात नाई लावणार." डबा आणि पुड्या दाखवल्यात, किती पाण्याला किती ते मला म्हणून दाखवायला लावलंत, पाठांतर घेतात तसं. मग एसटी आली.

चाची म्हणाली, गयी वो, अब नहीं आती. मला बरं वाटलं की भीती वाटली हे मला आजही सांगता येत नाही. बाबा पोस्टातून आले की ओसरीवर बसून राहायचे. मी भात लावायची, ते भाजी करायचे, सगळं पहिल्यासारखं, आणि पहिल्यासारखं काहीच नाही. सकाळी मी तुमच्या करपलेल्या झाडांना पाणी घालू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. काही झाडांना बगलेतून नवे फुटवे आले. आणि कोपऱ्यातल्या भेदऱ्याची खालची पानं पिवळी दिसली, शिरा हिरव्या. मी बराच वेळ त्याच्यापुढे बसले. आईनं त्याला कधी काही घातलं नव्हतं, न्हाणीचं पाणी सोडून. शेवटी मी डबा घेतला, तुम्ही पाठ करून घेतलं होतं तसं कालवलं आणि काड्यांच्या जुडीनं शिंपडलं. नंतर ठरलेल्या वारी पुन्हा. पुन्हा.

सुट्टी संपली आणि तुम्ही आलात, जणू यायच्याच होतात. वाडी बघितलीत, झाडं बघितलीत. पिशवीतून माझ्यासाठी स्वेटर काढलात, निळा, थोडा मोठा. पुढच्या वर्षी होईल म्हणालात. म्हणजे पुढच्या वर्षीही तुम्ही असणार होतात, हे मी त्या स्वेटरावरून काढलं.

कोपऱ्यातल्या भेदऱ्याला त्या साली फळं आली ती लिंबाएवढी, जाड सालीची, चकचकीत. ती मी तोडून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही चुलीत भाजलीत, मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटलीत. मी एक घास घेतला. चांगली होती. आईची नव्हती. आंबटपणा उतरला होता, गोडसर काहीतरी आलं होतं. मी ते झाड माझ्या हातानं जेवू घालून बदलून टाकलं होतं का, की वाटणारा हात बदलला म्हणून, की मीच चव विसरत चालले होते? बाबांनी चाटून बघितली आणि म्हणाले, "तशीच झाली." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, उत्तर हवं असल्यासारखं. मी अजून एक भाकर घेतली. 

युरियाची गोष्ट पुढे घरात कधी निघाली नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हा वाटलं, आता सांगावं, ते मी टाकलं नव्हतं. पण बाबा शेजारच्या स्टुलावर होते. तुम्ही गेलात, आणि मी समजून चालले की तुम्ही मलाच दोषी धरून गेलात.

आणि काल बाबा जेवता जेवता म्हणतात, युरिया आपणच टाकल्याचं त्यांनी तुम्हाला, झाडं करपलेली दिसली त्याच दिवशी संध्याकाळी, सांगून टाकलं होतं. मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या? म्हणे, तुम्ही म्हणालात, "पोरीनं तुमच्याकडे बघितलं तेव्हाच मले समजलं." मी विचारलं, मग मला काऊन नाही सांगितलं? बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी म्हनलं होतं तिले, सांगून दे. ती म्हने, राहू द्या." एवढंच. पुढचं त्यांना आठवत नाही, की तेव्हा त्यांनाही कळलं नव्हतं, कोण जाणे.

काय राहू द्या, बाई? माझ्यापुढे चुकलं म्हणायला तुम्हाला जड गेलं का? की बाबांना सांभाळून घेणारी मी तुम्हाला दिसले आणि तेवढं एक गुपित माझ्याकडे राहावं असं वाटलं? मग चंद्रपूरला गेलात ते माझ्यावर रागावून नव्हे तर शरमून? की खरंच फक्त भावाला भेटायला? एका उत्तरावर येते तोवर दुसरं पुढे होतं. एकदा तुमचा राग येतो, की मला उगाच ओझं वाहू दिलंत. लगेच वाटतं, ते ओझं नव्हतंच.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, आणि बाबांना वाचून दाखवणं माझ्यानं होणार नाही. एक मात्र कबूल करते. माझी मुलगी कधी विचारते, तुझ्या आईच्या हातची चटणी कशी लागायची, तेव्हा मी आंबट म्हणून सांगते. आंबट होती एवढं मला माहीत आहे. पण जिभेवर येते ती तुमचीच.