तेल बाजूला सरलं

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र नाही, म्हणजे तुझं बरं चाललं असणार. माझे गुडघे कुरकुरतात, मी त्यांचं ऐकत नाही. महिनाअखेरीला निवृत्त होते आहे. कपाट आवरून झालं. एक काम उरलं होतं, ते परवा उरकलं.

गोदीच्या त्याच पायरीवरून समुद्राचं पाणी आणलं, जिथून तू आणायचीस. त्यातले जंतू वाढवले. पसरट बशीत पाणी, त्यावर तेलाचा पातळ थर आणि मध्ये त्या जंतूंच्या द्रवाचा एक थेंब. तेल झटकन बाजूला सरलं, मध्ये मनगटी घड्याळाएवढी जागा लख्ख मोकळी! जंतू न घातलेला द्रव टाकून पाहिला, तर तेल ढिम्म; म्हणजे साबणासारखं ते काही जंतूच बनवतात. हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर बिनपगारी धोबी निघाले!" आता ती त्याच द्रवाने गोदीतले तेलकट दगड धुऊन बघते आहे. स्वच्छ निघतात.

तीस वर्षांपूर्वी तू हेच दाखवलं होतंस. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "बाई, काचेला साबण राहिलाय." सगळे हसले. पुढे वर्षभर तुला 'साबणबाई' म्हणत राहिले, आणि तू प्रयोगशाळा सोडून शिलाई मशीनवर जाऊन बसलीस. घरी मीही वर तोंड करून म्हणाले होते, "भांडी नीट बघून घ्यायचीस ना!"

भांडी मी धुतली होती.

त्या आठवड्यात साबण संपला होता. नुसत्या गरम पाण्याने सात वेळा विसळली, मोजून. मला ठाऊक होतं. पण आपण दोघी हंगामी होतो आणि कायमची जागा एकच होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जागा मला मिळाली.

रडगाणं गात नाही; तुला ते आवडत नाही आणि मला येत नाही. सोमवारी माझा निरोप समारंभ आहे. भाषणाऐवजी हेच वाचणार आहे. सर पहिल्या रांगेत असतील, त्यांनाही ऐकू दे. या प्रयोगाच्या अहवालावर पहिलं नाव तुझं घातलं आहे, ते आता कुणी खोडणार नाही.

येणं न येणं तुझ्यावर. आलीस तर थेंब तू टाक.

बशी मात्र तुझी तूच धू.

साक्षीला तीस वर्षं उशीर केलेली,
ताई