एकशे ऐंशी ग्रेन की दोनशे

२० ऑक्टोबर
एल्क हरणाच्या शिकारीचा सीझन पाच दिवसांवर. सहा वर्षं रिकाम्या हाताने डोंगर उतरलो, त्याचं कारण आता सापडलं. गोळीचं वजन! १६५ ग्रेन म्हणजे फारच हलकी. घोड्याएवढं जनावर, जवळून मारली तर हाडावरच फुटायची. या वर्षी १८०. विषय संपला.
बाबांचा फोन. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेत, डोंगर बंद. म्हणाले, अरे, मरायच्या आधी एकदा तुझ्या हातच्या एल्कचं काळीज खायचंय. म्हटलं, तवा घासून ठेवा.

२३ ऑक्टोबर
बंदुकांच्या दुकानातला डेल्मर म्हणाला, अख्ख्या तांब्याची घे, फुटत नाही, आरपार जाते. घेतली. लव्हॉन म्हणाली, आजवर तुझ्या गोळ्या फक्त पुठ्ठ्याच्या आरपार गेल्यात. बायकोशी या विषयावर बोलायचं नाही, असं ठरवलं.

२५ ऑक्टोबर, सीझनचा पहिला दिवस
गेलो नाही. गोळी बदलली की बंदुकीची दुर्बीण परत जुळवावी लागते. दिवसभर पुठ्ठ्यावर नेम. खांदा काळानिळा.
शेजारची थेल्मा ऑस्टबी, वय एकाहत्तर, सकाळीच गाडी काढून वर गेली. हात केला.

२ नोव्हेंबर
तांब्याची गोळी लांबून मारली तर आत शिरून नीट फुलत नाही, असं वाचलं. २०० ग्रेन आणली. परत पुठ्ठा.

१३ नोव्हेंबर
२०० लांबवर फार खाली पडते. कंटाळा आला. पण तोडगा सापडला: लांबच्यासाठी १८०, पण तांब्याची नाही, शिशाची, उजव्या खिशात. जवळच्यासाठी २००, डाव्या खिशात. इतकी साधी गोष्ट अजून कुणाला कशी सुचली नाही?
बाबांनी विचारलं, मग, कधी? म्हटलं, तयारी चालू आहे.

२९ नोव्हेंबर
सकाळी नऊ. नर! चाळीस पावलांवर, आडवा उभा. बंदुकीत १८०. इतक्या जवळून २००च हवी, तत्त्व म्हणजे तत्त्व. आतली १८० काढायला बंदुकीचा बोल्ट मागे ओढला. खटक्. काडतूस बर्फात पडलं. डाव्या खिशात हात घातला, रुमाल निघाला. नर गेला. पळालासुद्धा नाही, चालत गेला.
बर्फात पडलेलं काडतूस शोधून उचललं. १८०ने मेला असता. १६५नेही मेला असता. हे लिहायला नको होतं.

३० नोव्हेंबर, शेवटचा दिवस
गुडघाभर बर्फ. पाय उचलेनात, दुपारीच परतलो. थेल्मा दारात आली, कागदात गुंडाळलेलं, तिने मारलेल्या एल्कचं काळीज हातात ठेवलं. म्हणाली, बाबांना दे. कुठली गोळी, विचारलं. बंदुकीत होती ती, म्हणाली.
संध्याकाळी बाबांकडे गेलो, काळीज मीच तव्यावर परतलं. ते डोळे मिटून सावकाश चावत होते. मी सगळं सांगितलं: नर, चाळीस पावलं, दोनशे ग्रेन, एका गोळीत आडवा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, थेल्माचा मघाशीच फोन आला होता रे. बस, तू पण खा, गार होतंय.