चोलवे घरी येत नाही

चोमा, बस स्टँड

चोलवेच्या आई,

या फेरीचा खरा खर्च सांगू? दोन दिवस दुकान बंद, तुझी गुबगुबीत कोंबडी शाळेच्या मोठ्या बाईंना, आणि माझी आखडलेली कंबर. बाकी मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

"पोरगी गणितात नापास झाली, पण डोकं माझ्यावरच गेलंय, शाळाच वाईट. काढूनच आणतो," असं मी बसभर सांगत आलो.

वर्गात शिक्षक नव्हते, तरी सगळी पोरं गप्प. एक मुलगी फळ्यावर गणित सोडवत होती. आपली चोलवे उठली. "मला नाही कळलं." म्हटलं, आता हसतील! कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा समजावल्यावर तिला कळलं, आणि अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी खिडकीबाहेर थक्क होऊन उभा.

मोठ्या बाई म्हणाल्या, "शेवटच्याला कळेपर्यंत पुढे जायचं नाही, हा नेम मुलांचाच. मी फक्त मध्ये येत नाही."

"चल, ट्रंक भर," म्हटलं, तर पोरगी म्हणते, "बाबा, वेड लागलंय का? गुरुवारी फळ्यावर माझी पाळी आहे!"

तिला तिथेच ठेवून निघालोय. धाकट्याचा खोकला कसा आहे?

तुझाच,
हामूंगा

ता.क. गणितात ती अजून नापासच आहे.