टाइमपास म्हणे!

शनिवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. दुपारी मरीन परेडला देशपांड्यांकडे जेवायला गेलो होतो. वहिनींनी मला विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?" मी तोंड उघडायच्या आत समीर, माझा सख्खा नवरा, म्हणाला, "प्रायमरी टीचरचा डिप्लोमा करतेय. तेवढाच टाइमपास!" सगळे हसले.

टाइमपास? त्याला इथे परदेशात नोकरी मिळाली म्हणून मी पुण्यातली माझी सोडली, तेव्हा कुठे गेली होती ही विनोदबुद्धी? आणि कालच सरावाच्या तासाला ती छोटी वेई, वर्गात कधी तोंड न उघडणारी, माझं बोट धरून अख्खं पान मोठ्याने वाचत गेली. वर इथल्या लाडिक लकबीत म्हणाली, "टीचर, वन मोअर लाह!" हा टाइमपास?

परतताना इथल्या मेट्रोत, एमआरटीत, समीर म्हणाला, "अगं, गंमत केली."

"मग स्वतःच्या कामाची कर की कधीतरी."

घरी आल्यावर त्याने नेहमीसारखं विचारलंच, "रात्री जेवायला काय करतेयस?"

"अभ्यास," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात भांडी आपटतायत. आपटू देत.