बिल्ला क्रमांक दोनशे चौदा

प्रिन्स रुपर्ट,
१२ ऑगस्ट २००३

प्रिय हॅल्वर,

तुझा गुडघा कसा आहे? बेरिटला सांग, तिने विणलेले मोजे कामी आले. भर ऑगस्टात लोकरीचे मोजे घालावे लागतात, असं आपलं लाडकं गाव.

तर मी हार्कर खाडीच्या मेळाव्याला जाऊन आले. ‘टोइवो येणार असेल तर मी तिथे पाय ठेवणार नाही,’ असं तू फोनवर गरजलास आणि फोन ठेवता ठेवता, ‘कसा दिसतो तेवढं कळव,’ असंही पुटपुटलास. कळवते. आधी बाकीचा तमाशा.

पहाटे निघून सात तास बोट. कप्तान विशीतला, आपली कागदाच्या लगद्याची गिरणी बंद झाली तेव्हा पाळण्यात असेल; पण लाउडस्पीकरवरून आम्हाला आमचाच इतिहास ऐकवत होता. आपण म्हणे ‘निसर्गाच्या कुशीतली सुखी माणसं’ होतो. गंधकाच्या वासाबद्दल चकार शब्द नाही. प्रवासी म्हणजे त्रेचाळीस सुटलेली पोटं आणि प्रत्येकावर एकसारखा जांभळा टी-शर्ट: ‘मी हार्कर खाडीचा.’ मी माझा पिशवीतच ठेवला. खिडकी पुसायला बरा आहे.

धक्क्यावर फलक: ‘घरी स्वागत!’ घर! अंगावरचे कपडे सोडले तर तिथे सगळं कंपनीचं होतं. भिंतीला खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागायचा. गिरणी बंद पडल्यावर याच कंपनीने त्या ‘घरां’वरून बुलडोझर फिरवला आणि आता त्या फलकाखाली उभं राहून मोठमोठे बाप्ये हुंदके देत होते. मग साहेबांच्या मुलीचं, डोरोथिया प्रिंगलचं भाषण. ‘आपण सगळे एक कुटुंब होतो.’ होतो ना! त्यांचं घर टेकडीवर, आपलं धुराड्याच्या तोंडाशी. आणि कामावरून काढलेल्या माणसाला पुढच्याच बोटीने घरातूनही काढायचं, ही रीत याच एका कुटुंबात पाहिली.

सभागृह तेवढं उभं आहे. त्यात गिरणीच्या फाटकावरची बिल्ल्यांची फळी टांगली आहे, वॉर्निश मारून; ज्याचा बिल्ला तिच्यावर, तो आत, तीच. गावात शिरताना फळीखालच्या डब्यातून आपापला पितळी बिल्ला उचलून आकड्याला लावायचा, बोटीत चढण्याआधी काढायचा, असा खेळ व्हर्ना मॅकइसॅकने काढलाय. तीच आपली शाळामास्तरीण. अजूनही हजेरी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी माझा लावला.

टोइवो तिथेच उभा होता. टक्कल पडलंय, पाठ वाकलीय, बोलणं अजून तेवढंच: म्हणजे नाहीच.

“हॅल्वर नाही आला?” त्याने विचारलं.

“गुडघा दुखतो त्याचा.”

“सव्वीस वर्षं दुखतोय?”

मी घाईघाईने बटाट्याच्या सॅलडकडे वळले. सॅलड भिकार होतं.

संध्याकाळी पाचला सगळे बोटीत चढले. दोर सोडणार, एवढ्यात व्हर्ना फळीकडून एक बिल्ला हातात घेऊन धापा टाकत आली. “थांबा! एक बिल्ला राहिलाय. दोनशे चौदा. हॅल्वर लुंडे! हॅल्वर आला होता? कुणी पाहिला का त्याला?”

कप्तानाने इंजिन बंद केलं. दोघंजण उतरायला निघाले. पडलेल्या गिरणीच्या कुजक्या फळ्यांत त्याचा पाय गेला असेल, म्हणे.

“तो एडमंटनमध्ये आहे,” मी म्हणाले. “घरी.”

“मग बिल्ला कुणी लावला?”

कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या माना वळल्या टोइवोकडे. व्हर्ना हसलीसुद्धा. “अरे टोइवो, अजून तेच चाळे? एकदा पोराची नोकरी घालवलीस, पोट भरलं नाही?”

टोइवो कठड्याला टेकून उभा होता. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. पूर्वी पाहिलं होतं तसंच.

हॅल्वर, बिल्ला मीच लावला होता. सकाळी माझा लावला आणि हात आपोआप शेजारच्या आकड्यावर गेला. हाताला सवय होती.

कारण तुझी नोकरी गेली त्या दिवशीही मीच लावला होता. तू दांडी मारून तळ्यावर मासे धरत होतास आणि मी फाटकाच्या कचेरीत होते, किती सोपं! मग क्लोरीनचा नळ फुटला, भोंगा झाला, माणसं बाहेर आली आणि फळीवर तुझा बिल्ला. तुला शोधायला दोघं तोंडाला मास्क बांधून आत शिरत होते. मी ओरडले की तू आत नाहीस. प्रिंगलसाहेबाने विचारलं, मग बिल्ला कुणी लावला? मी म्हणाले, “टोइवोने. त्यानेच सांगितलं मला.” आणि घरी येऊन तुला सांगितलं की टोइवोने साहेबाजवळ तोंड उघडलं.

तुझी नोकरी जाणार हे ठरलेलंच होतं. माझीही गेली असती तर आपल्या आईचं घर गेलं असतं. हे खरं आहे. पण सबब म्हणून ते इतकं नीट बसतं की मला त्याची शिसारी येते. दिवसभर मी त्या सगळ्यांना हसले. खोटं सांभाळायला ते निदान पाच वर्षांतून एकदा बोट भाड्याने घेतात. मी रोज सांभाळलं, फुकट.

“मी लावला,” मी बोटीवर म्हणाले. “आजही. तेव्हाही मीच.”

डोरोथियाने केकचा डबा छातीशी धरला. मग टोइवो कप्तानाला म्हणाला, “ऐकलंत ना? चला आता, माझा बर्फ वितळतोय.” त्याच्या पेटीत मासे होते.

वाटेत मी त्याला विचारलं, “गप्प का बसलास?”

“तुझी आई दर रविवारी मला जेवायला घालायची. तिला सामानाची पेटी घेऊन धक्क्यावर उभं राहिलेलं मला बघवलं नसतं.” मग माशांच्या पेटीचं झाकण दाबत, “तू सांगशील वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात. मग पुढच्या.”

म्हणजे टोइवो कसा दिसतो, ते हे असं.

बिल्ला सोबत पाठवते आहे. व्हर्नाच्या हातातून मी काढून घेतला; तिने परत मागितला, मी दिला नाही. पत्राच्या मागे टोइवोचा फोन नंबर आहे. मला फोन करू नकोस; करायचाच असेल तर आधी त्याला कर. तो उचलेल, पण बोलणार नाही. तू बोल.

तुला बोटीत बसवून धक्क्यावरून रुमाल हलवणारी,
मार्गिट