बंद डब्यानं धरलेली तार

गुरुजी, तुमाले मरून वीसेक वर्षं झाली. जित्ते होते तवा तुमच्यापुढं तोंड उघडाची माझी टाप नव्हती. आता उघडते म्हटलं तर तुम्ही नाई. तरी लिहिते, कारण तुमचा मुलगा अजूनही नागपुरात बसून पाहुण्यांले सांगते का बाबांचा रेडिओ मोलकरणीनं जाळला. लग्नाकार्यात माझ्या पोराच्या कानावर पडलं ते.

माझ्या नातीनं हौशी रेडिओचं लायसन काढलं. तुमच्यासारखाच एक सेट, त्याच्यावरच बोलाचं अन् त्याच्यावरच आयकाचं. पावसाळ्यात भामरागडकडची वाट बुडाली का मोबाईलही मुका होते, म्हणून तिनं त्या एका सेटले मोडेमचे तीन डबे लावाचं ठरवलं. कॉम्प्युटरवर लिहिलेलं आवाजात बदलून हवेत सोडणारे डबे. एक चिठ्ठ्यांचा, एक फोटोचा, एक गाडी कुठी पोचली ते सांगणारा. मागल्या मंगळवारी मी सुपात तांदूळ निवडून राह्यली होती अन् ती बाजूले तारा जोडून राह्यली होती. दोन डबे तिनं सरळ एकाच तारेवर घेतले, मंग एक डबा बंद केला. तसा सेटावर लाल दिवा लागला अन् विझेचना. लाल म्हणजे सेट बोलून राह्यला. पोरीनं झटक्यात वायर उपटली.

"काऊन वं, काय झालं?" मी विचारलं.

ती मीटर लावून अर्धा तास बसली. मंग म्हणाली, "आजी, बंद डबाच बटणाची तार खाली ओढून धरते. सेटले वाटते कोणीतरी बोलाचं बटण दाबून ठेवलं." आता ती दर डब्याच्या तारेत एक डायोड, म्हणजे करंट एकाच बाजूनं जाऊ देणारा तुकडा, टाकणार अन् वर फिरता स्विच, म्हणजे एका वेळी एकाच डब्याले सेट भेटते. माझा हात सुपातच राह्यला.

तुमच्या घरी मी भांडे, झाडू, सैपाक करत होती. चौथी शिकलेली. इंग्रजीची अक्षरं मले पाटीवर नाई आली, तुमच्या टिकटिकीतून आली. भाकर थापता थापता मी मोर्स आयकत होती, अन् एक दिवस तुमच्याआधी मीच सांगितलं का समोरचा काय म्हणून राह्यला. तेव्हापासून वर्षभर तुम्ही मले शिकवलं, हे मी नाकारत नाई. लायसनच्या परीक्षेचा फारम तुम्हीच आणला, तुम्हीच भरला. सही तेवढी बाकी होती.

मंग त्या सकाळी नागपूरचे दोन साहेब आले, तुमचे ते एकाच तारेवर जोडलेले नवे दोन डबे पाह्याले. एकानं मले विचारलं, बाई, तुम्हीही परीक्षेले बसता का. मी तोंड उघडाच्या आधी तुम्ही हसले. "हे? हे चाय चांगली करते." साहेबही हसले. मी कपबशा उचलल्या.

दुपारी तुम्ही पेन्शनच्या कामाले चंद्रपूरले निघाले. बस सुटंल म्हणून घाईत एक डबा बंद केला, सेट चालूच ठेवला अन् मागं न पाह्यता गेले. सांजेले परत आले तर घरभर जळक्याचा वास अन् सेट मेलेला. तुम्ही मले शेजाऱ्यांसमोर उभं केलं. "डबा मी माझ्या हातानं बंद करून गेलो. बंद डबा बटण दाबते का? मंग कोणं दाबलं?" मी म्हटलं, मी हात नाई लावला. तुम्ही फारम फाडला. म्हणाले, झाडूवालीले शिकवलं का असंच होते. दुसऱ्या दिवसापासून मी जंगलात तेंदूपत्ता तोडाले जाऊ लागली. मास्तर होते न तुम्ही? सेट उघडून पाह्याचं सुचलं नाई, बाईले चारचौघांत उभं कराचं सुचलं.

हे सगळं नातीले सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुझी काहीच चूक नव्हती, आजी." तिनं तुमच्या मुलाचा पत्ताही काढून देला. पाकीट आणलं, तिकीट लावलं. त्याले धाडाचं होतं हे.

पण लिहिता लिहिता इथी येऊन अटकली. गुरुजी, तो लाल दिवा मी पाह्यला होता. तुम्ही गेल्यावर लगेच. सैपाकखोलीच्या दारातून नीट दिसत होता. लाल म्हणजे काय, अन् तो असाच राह्यला तर सेटाचं काय होते, हे मले तुम्हीच शिकवलं होतं. सेट बंद कराचं भिंतीवरचं बटण चार पावलावर. मी दार ओढून घेतलं अन् उरलेल्या कपबशा घासत बसली, त्याही सावकाश.

पाकिटावरचं तिकीट पाण्यानं सोडवून घेतलं. पोरीच्या कामाले येईल.