गाद्यांच्या दुकानाची दुसरी पाहणी

दि. ३ जून

चि. बापूस अ. उ. आशीर्वाद.

तुझा अर्ज पुढे सरकला आणि सोमवारी सरकारी पाहणीच्या बाई येणार, हे वाचून जिवात जीव आला. तुझं कापूस पिंजायचं मशीन आता दुरुस्तीपलीकडे गेलंय. लघुउद्योगाच्या योजनेतून नवं मिळालं, तरच तुझं गाद्यांचं दुकान टिकेल. नाहीतर तुझ्या भाऊजींनी त्यांच्या वखारीच्या फाटकावर तुझ्यासाठी रखवालदाराची जागा बघून ठेवली आहे. मेहुणा डोळ्यांसमोर राहिला की सुधारेल, असं त्यांचं मत आहे.

तेव्हा आधी दुकान आवर. तुझ्याकडे आलेला माणूस कापसाने पांढरा होऊन बाहेर पडतो. सरकारी माणसापुढे ते शोभत नाही.

माया आहे म्हणूनच बोलते,
ताई

दि. १० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. आम्ही दोघांनी दुकान धुऊनपुसून लख्ख केलं. कापूस माळ्यावर चढवला, गाद्या शेजारच्या न्हाव्याकडे ठेवल्या. हिने तर मधोमध टेबल मांडून त्यावर फुलदाणी ठेवली. बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की घर छान आहे, आता दुकान दाखवा. हेच दुकान, असं मी सांगितल्यावर त्यांनी फुलदाणीकडे पाहिलं. मग शेरा लिहिला की इथे धंदा चालत असल्याचं दिसत नाही. तिकडे न्हाव्याची गिऱ्हाइकं माझ्या गाद्यांवर लोळत दाढी करून घेत होती.

हातापाया पडलो तेव्हा पुढच्या गुरुवारी पुन्हा येते म्हणाल्या. एका गिऱ्हाइकाचं मतही त्यांना ऐकायचं आहे, पण ते नात्यातलं नको. ताई, फाटकावर उभं राहायच्या कल्पनेनेच मला रडू येतं.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
बापू

दि. १४ जून

चि. बापूस अ. उ. आशीर्वाद.

आवर म्हटलं, तर तू गाशाच गुंडाळलास. आता झाडूला हात लावू नकोस. गिऱ्हाईक म्हणून भाऊजींनाच पाठवते आहे, त्यांना तिथे कोण ओळखतंय? माझ्यासाठी येतील, पण उगाच स्तुती करणार नाहीत. गादी बरी आहे, एवढंच म्हणतील. काल संध्याकाळभर आरशापुढे परक्या माणसाचा चेहरा करून बघत होते.

सगळं नीट पार पडो, हाच आशीर्वाद,
ताई

दि. २० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल बाई आल्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हिच्या केसांत कापूस, माझ्या तोंडात सुतळी. भाऊजी गिऱ्हाइकाच्या ऐटीत आले, गादी दाबून पाहिली, नाक मुरडलं आणि मग जरा आडवे होऊन बघतो म्हणाले. ते जे आडवे झाले, ते घोरायलाच लागले. आम्ही खोकलो, भांडी आपटली, काही उपयोग झाला नाही. बाई बिचाऱ्या गिऱ्हाईक जागं व्हायची वाट बघत बसून राहिल्या.

अखेर त्यांनीच भाऊजींना हलवून विचारलं की गादी कशी आहे. भाऊजी झोपेतच होते. सोंग पार विसरले. म्हणाले की हा माझ्या बायकोचा भाऊ, आजवर मी याला रिकामटेकडा समजत आलो, पण याच्या हातात कसब आहे, हे आज कळलं. एवढं बोलून कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले.

खोटं गिऱ्हाईक उभं केल्याबद्दल बाईंनी मला चांगलं खडसावलं. मग बराच वेळ भाऊजींकडे बघत राहिल्या. म्हणाल्या की इतकी वर्षं पाहण्या करते आहे, नातेवाइकांची साक्ष मी कधी धरली नाही. पण एखाद्या माणसाने मेहुण्याचं कौतुक केल्याचंही कधी ऐकलं नाही. याहून पक्का पुरावा कुठला असणार? आणि तिथल्या तिथे मशीनच्या शिफारशीवर सही केली.

भाऊजी संध्याकाळी उठले. आपण असं काही बोललोच नाही म्हणतात. म्हणू देत. मी ऐकलंय, ताई.

अशीच माया राहू दे,
बापू